सशाच्या ताटात काय वाढाल?

अशी कल्पना करा, की तुमच्या वर्गातील एका मुलाने घरचा पांढरा ससा चार दिवसांसाठी शाळेत आणला आहे. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात त्याचा पिंजरा ठेवला आहे. मधली सुट्टी झाली, की सारा वर्ग पिंजऱ्याभोवती जमतो. कुणी गाजर देतो, कुणी बिस्किट, कुणी भिजवलेले हरभरे, तर कुणी डब्यातला पोळीचा तुकडा. ससा सगळे आवडीने खातो. पिंजऱ्यातले गवत मात्र तसेच पडून राहते. चौथ्या दिवशी सकाळी ससा अंग आक्रसून कोपऱ्यात बसलेला दिसतो. गाजर पुढे केले तरी तोंड फिरवतो. पिंजऱ्याच्या तळाशी रोज शेकड्यांनी दिसणाऱ्या लेंड्या आज जवळजवळ नाहीतच.

"पोट भरले असेल त्याचे, उद्या खाईल," असे कुणीतरी म्हणेल. पण सशाच्या बाबतीत 'उद्या'पर्यंत थांबणे हेच सर्वांत धोक्याचे असते. हा ससा आजारी आहे, आणि त्याला आजारी पाडले ते कुणा शत्रूने नव्हे, तर त्याच्यावर माया करणाऱ्या मुलांनीच. हे कसे घडले हे समजण्यासाठी आधी सशाचे तोंड आणि पोट कसे चालते ते पाहू.

पाळीव ससा मूळचा कोठला?

जगातील सर्व पाळीव ससे एकाच जातीच्या रानटी सशापासून आले. ही जात मूळची युरोपच्या नैर्ऋत्य टोकाची, म्हणजे स्पेन व पोर्तुगालची. तिचे शास्त्रीय नाव ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस. हे ससे जमिनीत बिळे करून कळपाने राहतात आणि प्रामुख्याने गवत व इतर पाला खातात. आपल्या माळरानावर आणि शेतात दिसणारा करड्या-तपकिरी रंगाचा, लांब पायांचा ससा निराळा. तो लेपस नावाच्या दुसऱ्या प्रजातीतला. त्याची पिल्ले उघड्यावर, डोळे उघडलेली व अंगभर केस असलेली अशी जन्मतात, तर पाळीव सशाची पिल्ले जन्मतः आंधळी व उघडीनागडी असतात. मराठीत आपण दोघांनाही ससाच म्हणतो, म्हणून घोटाळा होतो. रानातल्या सशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. शेतात त्याचे पिल्लू एकटे दिसले तरी उचलून घरी आणू नका. त्याची आई दिवसा मुद्दामच दूर राहते आणि अंधार पडल्यावर त्याला पाजायला येते.

आपण या लेखात बोलणार आहोत ते फक्त पाळीव सशाविषयी. त्याचा जन्म पिंजऱ्यात झाला असला, तरी त्याचे दात आणि आतडी अजून त्या माळावरच्या गवतखाऊ पूर्वजाचीच आहेत, एवढे लक्षात ठेवा.

न थांबता वाढणारे दात

सशाला एकूण २८ दात असतात. पुढचे पटाशीचे दात आपल्याला सहज दिसतात. वरच्या दोन मोठ्या दातांच्या मागे आणखी दोन अगदी लहान दात दडलेले असतात. उंदीर-घुशींना असे मागचे दात नसतात. इतर काही फरकांबरोबर याही फरकामुळे प्राणिशास्त्रज्ञांनी सशाला कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातून काढून स्वतंत्र गणात ठेवले.

आपले दात एकदा पुरे वाढले की वाढ थांबते. सशाचे सर्व दात, पटाशीचे आणि दाढासुद्धा, जन्मभर वाढतच राहतात. पटाशीचे दात आठवड्याला सुमारे २ ते ३ मिलिमीटर वाढतात. म्हणजे ते झिजले नाहीत, तर वर्षाला १० सेंटिमीटरहून अधिक लांब होतील! मग ते झिजतात कसे? गवताच्या पात्यात सिलिका असते. वाळूत असते तीच. गवताच्या पात्यावरून उलट बोट फिरवले, की कसे कापते हे तुम्ही अनुभवले असेल. गवत चघळताना ससा खालचा जबडा आडवा, घासल्यासारखा हलवतो. ही हालचाल मिनिटाला १०० हून अधिक वेळा होऊ शकते. या घासण्याने दाढा सारख्या झिजून सपाट राहतात.

बिस्किट किंवा पोळी दोन-चार वेळा चावली की विरघळते. तिने दाढांचे काम होत नाही. अशा खाण्यावर महिनोन् महिने राहिलेल्या सशाच्या दाढांना अणकुचीदार कडा येतात व त्या जीभ आणि गाल कापतात. भूक असूनही बिचाऱ्याला खाता येत नाही.

दोन तऱ्हेच्या लेंड्या

आता पोटाकडे वळू. गवतातील सेल्युलोज पचविणारे विकर, म्हणजे एंझाइम, गाईच्या शरीरात तयार होत नाही, तसेच सशाच्याही नाही. हे काम दोघांच्याही पोटात राहणारे सूक्ष्म जंतू करतात. फरक आहे तो जागेचा. गाईच्या पोटात हा आंबवण्याचा कारखाना पुढच्या बाजूला असतो. सशाच्या पोटात तो मागच्या बाजूला, लहान आणि मोठे आतडे जेथे मिळतात तेथे असतो. या पिशवीसारख्या भागाला उंडुक म्हणतात. माणसाचे उंडुक अगदी लहान असते, पण सशाचे उंडुक त्याच्या पचनमार्गातील सर्वांत मोठा भाग असून एकूण जागेपैकी सुमारे ४० टक्के जागा तेच व्यापते.

गंमत पुढेच आहे. लहान आतड्यातून आलेल्या अन्नाची मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला चाळणी होते. गवताचे जाडेभरडे, न पचणारे धागे पुढे ढकलले जातात आणि काही तासांत गोल, कोरड्या लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडतात. बारीक कण आणि द्रव पदार्थ मात्र उलट दिशेने उंडुकात ढकलले जातात. तेथे जंतू त्यांना आंबवतात. त्यातून तयार झालेली आम्ले आतड्यातून शोषली जातात व सशाला त्यांच्यापासून शक्ती मिळते.

पण कारखाना शेवटी आणि मुख्य शोषण करणारे लहान आतडे आधी, अशी उलटी मांडणी झाली. जंतूंनी तयार केलेली प्रथिने आणि ब व के जीवनसत्त्वे वाया जाणार की काय? सशाने यावर अजब तोडगा काढला आहे. दिवसाच्या ठरावीक वेळी उंडुकातील हा माल मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या घोसासारख्या गोळ्यांच्या रूपाने बाहेर येतो. ससा मान वाकवून या गोळ्या थेट गुदद्वारापाशीच तोंडात घेतो आणि न चावता गिळून टाकतो. म्हणजे तेच अन्न दुसऱ्यांदा पचनमार्गातून जाते. चार्ल्स मोरो या फ्रेंच पशुवैद्याने १८८२ साली याचे वर्णन केले. गाय रवंथ करते, तसाच हा सशाचा रवंथ म्हणा ना! तुमचा ससा असे करताना दिसला तर किळस करू नका आणि त्याला हटकूही नका. ते त्याचे अत्यंत आवश्यक जेवण आहे.

जे पचत नाही, ते खायचे कशाला?

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील, "गवताचा चोथा जर पचतच नाही आणि तसाच बाहेर पडतो, तर सशाने तो खाल्ला नाही म्हणून काय बिघडले?" प्रश्न अगदी योग्य आहे, आणि या लेखाचे मर्म याच प्रश्नाच्या उत्तरात आहे.

चोथा सशाला पोसत नाही, पण त्याचे आतडे चालते ठेवतो. लांब धाग्यांचा दाब आतड्याच्या भिंतीवर पडला, की ती आकुंचन पावते आणि अन्न पुढे सरकते. धागे कमी झाले की ही गती मंदावते. जठरातील अन्न आणि केस यांतील पाणी शोषले जाऊन त्यांचा घट्ट लगदा होतो. दुसरीकडे, बिस्किट, पोळी, हरभरा, गोड फळे यांतील पिष्ट आणि साखर भरपूर प्रमाणात आली, की त्यांतील काही भाग न पचता उंडुकापर्यंत पोचतो. तेथील जंतूंचा समतोल बिघडतो. उपयुक्त जंतू मागे पडतात, वायू धरतो आणि घातक जंतूंना वाव मिळून ते विष निर्माण करू शकतात. पोट दुखू लागले की ससा खाणे सोडतो. खाणे सोडले की आतडे आणखी मंदावते. असे हे दुष्टचक्र एकदा फिरू लागले, की ससा दोन-तीन दिवसांतही दगावू शकतो. उपासाने त्याच्या यकृतात चरबी साठते, हा आणखी एक धोका.

यात भर म्हणजे सशाला उलटी करता येत नाही. त्याच्या जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू फार घट्ट असतो. आपल्या पोटात काही वावगे गेले तर शरीर ते बाहेर फेकते. सशाने एकदा गिळले ते गिळले. म्हणून त्याच्या ताटात काय पडते याची काळजी ताट वाढणाऱ्यानेच घ्यायची.

मग रोज काय द्यावे?

सशाच्या जेवणाचा मोठा भाग, सुमारे ८० टक्के किंवा त्याहून अधिक, गवताचा असावा. स्वच्छ वाळलेले गवत पिंजऱ्यात रात्रंदिवस असलेच पाहिजे. हिरवी हरळी किंवा मारवेल मिळाले तर उत्तमच. गवत कोठून आणता तेही पाहा. रस्त्याच्या कडेचे, कुत्र्यांनी घाण केलेले किंवा औषध फवारलेले गवत नको. यंत्राने कापून ढीग करून ठेवलेले ओले गवत लवकर आंबते, तेही नको. कुबट वास येणारे, बुरशी धरलेले गवत तर फेकूनच द्या.

गवताच्या जोडीला रोज मूठभर पालेभाजी चालते. कोथिंबीर, पुदिना, शेपू, गाजराचा पाला, मुळ्याचा पाला, फुलकोबीची बाहेरची हिरवी पाने, यांपैकी दोन-तीन प्रकार आलटून पालटून द्यावेत. बाजारातली भाजी नीट धुऊन, निथळून द्यावी. पालकात ऑक्झलेटे पुष्कळ असतात, म्हणून पालक अधूनमधून आणि थोडाच. कोबीच्या गड्ड्याने काही सशांना वायू धरतो, तेव्हा तोही बेतानेच.

आता गाजराविषयी. ससा म्हटले की गाजर, हे समीकरण आपल्या मनात चित्रांनी आणि व्यंगपटांनी पक्के केले आहे. १९४० पासून पडद्यावर आलेला बग्ज बनी हा ससा सदा गाजर कुरतडताना दिसतो. पण रानात ससा गाजर उकरून खात बसत नाही. गाजरात सुमारे ५ टक्के साखर असते. सशाच्या दृष्टीने गाजर ही भाजी नव्हे, मिठाई आहे. अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा आठवड्यातून एकदोनदा पुरे. सफरचंद, केळे, पपई यांनाही हाच नियम. सफरचंदाच्या बिया मात्र काढून टाका, कारण त्यांतील एका द्रव्यापासून पोटात सायनाइड तयार होते.

लसूणघास या नावाने पुष्कळांची फसगत होते. शेतकरी जनावरांना घालतात ती लसूणघास म्हणजे लसूण नव्हे. ती द्विदल वर्गातली, मेथीच्या नात्यातली वनस्पती आहे. तिच्यात प्रथिने व कॅल्शियम भरपूर असते. वाढत्या पिल्लांना ती चांगली. पूर्ण वाढलेल्या सशाला मात्र रोज पोटभर देऊ नये. आपले आतडे कॅल्शियम गरजेपुरतेच शोषते. सशाचे आतडे अन्नात असेल तितके बरेचसे शोषून घेते आणि जास्तीचे लघवीवाटे बाहेर टाकते. म्हणूनच सशाची लघवी मुळातच गढूळ दिसते. कॅल्शियम फार झाले तर मूत्राशयात गाळ व खडे होतात.

पाणी सतत हवे. किलोभर वजनाच्या सशाला दिवसाला सुमारे १०० मिलिलिटर, आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त. गाईचे दूध मोठ्या सशाला देऊ नये.

हे मुळीच देऊ नका

स्वयंपाकघरातून सुरुवात करू. कांदा व लसूण यांतील गंधकयुक्त द्रव्ये रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करतात. चॉकलेटमधील थिओब्रोमीन आणि चहा-कॉफीतील कॅफीन सशाच्या हृदयाला आणि मज्जासंस्थेला झेपत नाहीत. ॲव्होकॅडो हे फळ आता आपल्याकडेही मिळते. त्यातील पर्सिन हे द्रव्य सशाच्या हृदयाच्या स्नायूंना इजा करते. बटाटा पिष्टाने भरलेला असतो आणि त्याच्या कोंबांत व हिरव्या सालीत सोलॅनीन हे विष असते. टोमॅटोचा पालाही वर्ज्य. अळूच्या पानांत सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनी आपला घसा खवखवतो तसा सशाचाही खवखवतो. बुरशी आलेले शेंगदाणे किंवा पेंड यांत अफ्लाटॉक्सिन असू शकते. या विषाला लवकर बळी पडणाऱ्या प्राण्यांत सशाची गणना होते.

अंगणातल्या आणि कुंपणावरच्या वनस्पतींपैकी कण्हेर (तांबडी व पिवळी दोन्ही), रुई, धोत्रा, एरंड आणि घाणेरी, म्हणजेच टणटणी, यांपासून ससा दूर ठेवा. कोवळी ज्वारी खाऊन गुरांना 'किराळ' लागते हे शेतकऱ्यांच्या मुलांना ठाऊक असेल. त्या कोवळ्या कोंबांत सायनाइड तयार करणारे द्रव्य असते. ते सशालाही देऊ नये. गाजरगवताचा तर खास उल्लेख करायला हवा. त्याची पाने गाजराच्या पाल्यासारखी दिसतात, म्हणून ते नाव पडले. पुण्यात १९५५ साली नजरेस आलेले हे परदेशी तण आज देशभर पसरले आहे. ते गुरांना अपायकारक आहे व माणसाला त्याच्यामुळे त्वचेचे विकार होतात. 'गाजराचा पाला' म्हणून कुणी ते उपटून आणले, तर पिंजऱ्यात टाकण्यापूर्वीच ओळखा.

सशाला विष ओळखता येत नाही का?

"जनावराला उपजत कळते," असे मोठी माणसे म्हणतात. त्यात थोडे तथ्य आहे. रानटी सशाची पिल्ले आईच्या दुधातून तिने खाल्लेल्या वनस्पतींचा गंध ओळखू लागतात व पुढे त्याच वनस्पती पसंत करतात. पण ज्या सशाची आई पिंजऱ्यातच वाढली, त्याला हा धडा कोण देणार?

दुसरी एक नवलाची गोष्ट सांगतो. युरोपात बेलाडोना नावाची विषारी वनस्पती आहे. तिच्यातील ॲट्रोपिन आपल्या धोत्र्यातही असते. काही ससे बेलाडोनाची पाने खाऊनही ठणठणीत राहतात, कारण त्यांच्या रक्तात ॲट्रोपिनचे विघटन करणारे विकर असते. काही सशांत मात्र ते नसते. हा गुण आईबापांकडून आनुवंशिकतेने येतो. म्हणून 'शेजारच्या सशाने खाल्ले, त्याला काही झाले नाही' हा पुरावा शास्त्रीय नव्हे. एका सशावरून दुसऱ्याचा निष्कर्ष काढू नये.

तुम्ही काय करू शकता?

घरी किंवा शाळेत ससा असेल, तर एक वही करा. तिच्यात रोज चार गोष्टी लिहा: काय खाल्ले, गवत किती संपले, पाणी किती प्याला, आणि लेंड्या कशा व साधारण किती. निरोगी ससा दिवसाला २०० ते ३०० लेंड्या टाकतो. त्या गोल, सारख्या आकाराच्या असतात आणि चुरडल्या तर आत गवताचा भुसा दिसतो. आठवड्यातून एकदा वजन करा. महिनाभरात तुमच्या लक्षात येईल, की गवत कमी खाल्ले गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी लेंड्या लहान आणि थोड्या होतात. हे निरीक्षण तुमचे स्वतःचे असेल, आणि ते पुस्तकातल्या दहा ओळींपेक्षा जास्त शिकवील.

खाणे बदलायचे असेल तर एकदम बदलू नका. सात ते दहा दिवसांत जुने थोडे थोडे कमी आणि नवे थोडे थोडे जास्त करा, म्हणजे उंडुकातील जंतूंना जुळवून घ्यायला वेळ मिळतो.

आणि सशाने १२ तास काही खाल्ले नाही, लेंड्या थांबल्या, पोट फुगले किंवा तो दात करकर वाजवू लागला, तर वेळ न घालवता पशुवैद्यांकडे न्या. घरातले माणसांचे औषध चुकूनही देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखी आपल्याला उपयोगी पडणारी प्रतिजैविके तोंडावाटे दिली, तर ती सशाच्या उंडुकातील उपयुक्त जंतू मारतात आणि त्यामुळे ससाच मरू शकतो.

आता पुन्हा प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या त्या सशाकडे जाऊ. तो आजारी आहे हे पहिल्याच सकाळी कुणी ओळखले, पिंजऱ्यातली बिस्किटे काढली आणि त्याला लगेच डॉक्टरांकडे नेले, तर तो वाचण्याची चांगली आशा असते. तो बरा होऊन परत आला, की त्याच्या पिंजऱ्यावर मुलांनी एक पाटी लावावी: 'मला खाऊ देण्यापूर्वी माझे गवत संपले आहे का ते पाहा.' मधल्या सुट्टीत त्याला काही द्यावेसेच वाटले, तर मैदानाच्या स्वच्छ कोपऱ्यातली मूठभर हरळी खुडून आणा. ससा एकेक पाते तोंडात ओढून घेत ते भराभर कसे चघळतो हे बघत बसा. बिस्किट दोन क्षणांत संपते. गवत खाणारा ससा मात्र मधली सुट्टी संपेपर्यंत तुमची करमणूक करील.